हा फुटपाथ की पायऱ्या?

महोदय,

पादचारी दिनाची कालची बातमी वाचली. लक्ष्मी रस्त्याचा तुकडा 2021 पासून दर 11 डिसेंबरला गाड्यांसाठी बंद ठेवतात, लोक पोराबाळांना घेऊन मोकळेपणी हिंडतात. चांगली गोष्ट आहे, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पहिल्या पानावर तुम्ही फोटो छापलात तो फीत कापणाऱ्या पाहुण्यांचा. चालणारा माणूस त्यात औषधालाही नाही! हे मला खटकले म्हणून लिहितो आहे.

माझ्या पत्नीचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. रोज संध्याकाळी सपाट जागेवर अर्धा तास चाला, असे डॉक्टरांनी बजावले. कोथरूडमध्ये अर्ध्या तासाची सपाट जागा आणायची कुठून? आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ सुरू होतो तोच जवळजवळ फूटभर उंचीवर. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते की ही उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे सहा इंच. निवासी भागातही चालायला किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. इथे हात धरून कसेबसे वर चढावे, तर चार पावलांवर सोसायटीचे गेट. उतरा. गेट संपले, पुन्हा चढा. पुढे विजेचा डीपी बॉक्स, त्याला वळसा घालायला पुन्हा रस्त्यावर. मग माननीय नगरसेवकांचे नाव ठळक रंगवलेला बाक, तोही बरोब्बर मधोमध. पेव्हर ब्लॉक तर असे निखळलेत की पावसाळ्यात एका टोकावर पाय पडला की दुसऱ्या टोकाकडून चिखलाची पिचकारी थेट साडीवर.

शेवटी ती कडेने रस्त्यावरूनच चालू लागली. मध्यंतरी मागून एक मोटारवाला काच खाली करून ओरडला, "ओ काकू, फुटपाथ कशाला बांधलाय?" तिने ते मनावर घेतले आणि मला म्हणाली, चला, चढूया वर. चढलो. दहा मिनिटेही झाली नसतील, पाठीमागे हॉर्न! फुटपाथवर मागोमाग दोन बाइक. पहिला म्हणतो, "आजोबा, जरा साइड द्या ना, सिग्नलला केवढी लाइन लागलीये." आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि ते दोघे निघून गेले. फुटपाथवर गाडी चालवायला कायद्याने मनाई आहे, हे मी त्याला सांगेपर्यंत तो चौकात पोहोचलाही होता. बाइक येऊ नयेत म्हणून तिथे पाइप रोवले होते. त्यातला एक कुणीतरी उपटून नेला आणि आता बाइकवाल्यांना रीतसर दार झाले आहे.

याची ऑनलाइन तक्रार मी फोटोसकट केली. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." पाइप अजून जागेवर नाही. मी परत तक्रार केली, परत तोच मेसेज. निराकरण कुणी केले आणि कशाचे केले, हे विचारायला त्या मेसेजखाली साधा फोन नंबरही नाही. संतापाने रात्री झोप लागली नाही.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अडथळ्यांविना चालता येतील असे फुटपाथ, अपंगांनाही वापरता येतील असे, हा घटनेच्या कलम 21 खाली नागरिकांचा हक्क आहे. एवढे झाल्यावर आणखी कुणाकडे दाद मागायची?

माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. आपला वार्ताहर आणि फोटोग्राफर एका संध्याकाळी सहा ते सात या वेळात आमच्याकडे पाठवा. त्यांनी मोजपट्टी घेऊन यावे, सोबत घरातले एखादे वयस्कर माणूस आणावे, आणि कोपऱ्यापासून मेडिकलच्या दुकानापर्यंत फुटपाथवरूनच चालून दाखवावे. चहा आमच्याकडे. तो फोटो पहिल्या पानावर छापा.

आणखी एक. रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे हल्ली नेमके पानाच्या घडीवर येते आणि उभ्या शब्दांचे संकेत भिंगातूनही लागत नाहीत. बाहेर चालणे बंद झाल्यापासून पत्नीचा रविवार त्या कोड्यावर जातो. शेजारची फर्निचरची जाहिरात दोन बोटे लहान केलीत तर टाइप मोठा करता येईल. कृपया एवढे तरी येत्या रविवारपासून करा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
कोथरूड, पुणे 38