माई, कामावरनं आल्यावर उपाशी झोपू नको

माई,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की साइटवरनं आल्यावर भांड्याला हात लावायची पण इच्छा होत नाही म्हणून चहात चार बिस्किटं बुडवायची आणि आडवं व्हायचं, ते ऐकल्यापास्नं माझा घास गोड लागेना. आई म्हणाली मेसेज टाका की, पण मेसेजमधे मावणार नाही एवढं सांगायचंय म्हणून बसून टाइप करतोय, जरा निवांत बसून वाच.

दिवसभर उन्हात उभं राहून मोजमापं घ्यायची म्हणजे काय असतं ते मला माहितीय बाळा. तीस वर्षं लाईनमन म्हणून काढलीत, सोलापूरच्या एप्रिल-मे मधे चाळीस-बेचाळीसचं ऊन, लोखंडाला हात लागला की चटका बसायचा. उन्हाचा थकवा वेगळाच असतो बघ, त्यात भूक लागलेली कळतच नाही, फक्त झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस तिथंच फसतो. तू जन्मायच्या आधी मी मंगळवेढ्याकडं एकटा खोली घेऊन राहायचो तेव्हा असंच दोन दिवस रात्री चहा-पाव खाऊन झोपलो, तिसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्यांत गोळे आले आणि दहा वाजता पोलवर निम्म्यात चढलो असेन तर डोळ्यांपुढं अंधारी. खालच्या हेल्परनं आवाज देत देत उतरवलं. हे तुझ्या आईला पण मी लई वर्षांनी सांगितलं.

त्या दिवशी खोलीवर पडून मला माझी आई आठवली, तुझी आज्जी. १९७२ चा दुष्काळ, मी नऊ वर्षांचा, ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची, भाकरी थापताना कडा फुटायच्या, पोरांना कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची ती आम्ही चड्डीच्या खिशात भरून आणायचो. पण दिवसभर दगड फोडून आलेली आज्जी एक दिवस पण चूल न पेटवता झोपलेली मला आठवत नाही. मी विचारलं होतं तिला, की तू दमत नाहीस का, तर म्हणाली सांजच्याला अंगात जीव नसतो रं, म्हणून मी पहाटेच निम्मं करून जाते. खरंच होतं ते, पहाटे निघायच्या आधी ती हुलग्याचं (कुळथाचं) पीठ मोजून, लसूण-मिरची वाटून, पाण्याचं पातेलं चुलीवर ठेवून झाकून जायची, आल्यावर फक्त जाळ घालायचा आणि शेंगोळे वळायचे. दगडानं तळहाताला भेगा पडलेल्या, त्या भेगांत पीठ भरायचं, ते तसंच दोन्ही हातांत घोळवून करंगळीएवढे शेंगोळे उकळत्या पाण्यात सोडायची. तो वास अजून नाकात आहे माझ्या.

तर मला तुला एवढंच सांगायचंय, रात्रीचं जेवण सकाळी अंगात दम असताना निम्मं करून ठेवायचं. रात्री फक्त गॅस पेटवायचं काम उरलं पाहिजे.

आता तुझ्या खोलीवर काय जमेल ते सांगतो. एक शेगडी आहे, कुकर आहे, पुरे झालं.

आल्या आल्या आधी पाणी, पण ढसाढसा नको, आणि ग्लासभर ताकात मीठ-जिरं घालून. घामानं मीठ जातं अंगातलं, नुसत्या पाण्यानं भरून येत नाही. सोबत मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मग अंघोळ कर. अंघोळ करून आलीस की खरी भूक कळते, तोवर कुकर होतो.

कुकरची खिचडी तर डोळे झाकून. एक वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, मूठभर शेंगदाणे हे सगळं कोरडंच सकाळी एका डब्यात काढून ठेव. भिजवून जाऊ नको हं, तिकडं पण ऊन लई आहे, दिवसभरात आंबूस वास येतो. रात्री धुवायचं, जिऱ्या-लसणाची फोडणी, हळद-मीठ, पाच वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. वरनं तूप घे, डाएट बिएट करायचं नाही, दिवसाला किती किलोमीटर चालतेस ते बघ आधी.

भाकरी थापायची ताकद नसती हे मला कळतं, म्हणून कडक भाकरी पाठवतोय. आपल्याकडं कित्येक बायका घरोघर हाच धंदा करतात, मालदांडी ज्वारीची पातळ भाकरी कडकडीत वाळवलेली, महिना-दोन महिने काय होत नाही तिला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते उगाच नाही, त्या काळ्या रानात पावसाळ्यातल्या ओलीवर आणि थंडीवर पीक येतं, तिची चवच वेगळी. ती भाकरी ताटात कुस्करायची, वर गरम आमटी ओतायची, दोन मिनिटं थांबायचं. फार लवकर खाल्लीस तर टाळ्याला टोचती आणि फार वेळ ठेवलीस तर लगदा होतो, मधलं ते जमलं की बघ कशी लागते.

आमटीसाठी येसर करून देतोय. बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरं, सगळं वेगवेगळं भाजून दळलंय, परवा आई आणि मी दोघं बसून केलं, घरभर खमंग वास. दोन मोठे चमचे येसर आधी गार पाण्यात कालवून घे, गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतात. लसणाची फोडणी, आपलं काळं तिखट, त्यात तीन वाट्या पाणी, पाण्याला उकळी आली की कालवलेलं येसर ओतायचं, मीठ घालून पाच-सात मिनिटं उकळू दे. डाळ शिजवायची भानगड नाही. बेसन असलं तर पिठलं पण तेवढ्याच वेळात होतं, ते तुला येतं.

शेंगोळे मात्र सुट्टीच्या दिवशी कर, रूममेटना पण खाऊ घाल. हुलग्याचं पीठ एक वाटी, ज्वारीचं अर्धी, कणीक दोन चमचे, लसूण-जिरं-मिरची वाटून, घट्ट मळायचं. पाणी खळखळ उकळल्याशिवाय सोडायचे नाहीत आणि सोडल्यावर लगेच डाव फिरवायचा नाही, विरघळतात. पंधरा-वीस मिनिटांत रस आपोआप दाट होतो. हुलगा अंगाला ताकद देतो, आमच्यासारख्या उन्हातल्या माणसांनी त्याच्यावरच दिवस काढलेत.

शेंगाचटणी आईनं उखळात कुटलीय, तेल सुटेपर्यंत, मिक्सरची नाही. दह्यात कालवून कडक भाकरीबरोबर खाल्लीस तर ज्या दिवशी गॅस पेटवायचा पण कंटाळा येईल त्या दिवशी पण जेवण होईल, तेवढ्यासाठीच जास्त दिलीय. डब्यात ओला चमचा घालू नको.

पार्सल उद्या सकाळच्या एसटीनं टाकतोय, संध्याकाळपर्यंत तुझ्या स्टँडवर येईल. बोचकं जड आहे, एकटी उचलू नको, मैत्रिणीला घेऊन जा. आणि उद्या रात्री काय जेवलीस ते ताटाचा फोटो काढून पाठव, आई आणि मी जागे आहोत.

तुझा
अण्णा