दारात राहिलेल्या चेहऱ्यांबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. शेवटी तू विचारलंयस, "बाकीचे सावरले, मग मीच कच्चा निघालो का?" आधी त्याचंच उत्तर देतो. नाही. कोविडच्या काळात तुझ्यासोबत एकाच अँब्युलन्समध्ये काम केलंय मी, म्हणून खात्रीनं सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मनाला अशी तारीख कळत नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्सची, म्हणजे कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराची, साथ आली होती. ती ओसरून वर्ष-दोन वर्षं झाल्यावरही, सार्सचे रुग्ण सांभाळलेल्या तिथल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांमध्ये थकवा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. आपलं प्रशिक्षण पुरेसं होतं, पाठीशी कुणीतरी उभं होतं असं ज्यांना वाटत होतं, त्यांना मात्र झळ कमी बसली. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सगळा भार माणसाच्या कणखरपणावर टाकून चालत नाही, त्याला त्या काळात कसं वागवलं हेही पाहावं लागतं.

त्यातही आपलं काम वेगळं. वॉर्डातल्या नर्सला निदान काही पेशंट बरे होऊन घरी जाताना दिसतात. आपण हँडओव्हर द्यायचा, म्हणजे पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात द्यायचा, स्ट्रेचर पुसायचं, किट बदलायचं की लगेच पुढचा कॉल. ऑक्सिजन सत्तरवर आलेला माणूस "मला काही होत नाहीये" म्हणत गप्पा मारायचा, आणि आपण ऑक्सिमीटरकडे बघत घाबरलेलो असायचो. पुढे त्याचं काय झालं? कधीच कळलं नाही. घरच्यांना "तुम्हाला गाडीत येता येणार नाही" असं सांगून दार लावणारेही आपणच. त्यांची पुन्हा भेट झाली का, तेही ठाऊक नाही. तू लिहितोस की रात्री मेलेल्यांपेक्षा दारात उभे राहिलेलेच जास्त आठवतात. मला ते पटतं रे, अगदी पटतं.

आणि ती मिनिटं! हृदय बंद पडल्यावर सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे आपल्याला तोंडपाठ. आणि तीच मिनिटं पीपीई किटची चेन ओढण्यात जायची. जानेवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत तर, जागेवर हृदय पुन्हा सुरू झालं नाही तर त्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये नेऊ नका, असा आदेशच निघाला होता. नियमाला कारण असतं. पण तो पाळणाऱ्याच्या मनात बोच राहतेच. जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमध्ये अशी जखम पाहिली. तिला नैतिक इजा म्हणतात. तिच्या मुळाशी भीती कमी आणि अपराधीपणा जास्त असतो, म्हणून "तुझी काही चूक नव्हती" एवढं ऐकून ती भरत नाही.

तुम्हाला एकदा सगळ्यांना गोल बसवून बोलायला लावलं आणि तुला उलट जास्त त्रास झाला, हे वाचून मला राग आला. एकाच बैठकीत सगळं उकरून काढल्यानं पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टळतो, असा पुरावा नाही. मानसिक प्रथमोपचारात तर सक्ती मुळीच नसते. माणसाकडे बघायचं, तो बोलेल तेवढं ऐकायचं आणि त्याला पुढच्या मदतीपर्यंत पोचवायचं.

तुझ्या बाबतीत आता ती पुढची मदतच हवी. दचकून जाग येणं, सायरन ऐकून छातीत धडधडणं, मुलांशीही तुटक वागणं, हे महिन्याच्या वर टिकलं की आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसू नये. आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलून करायची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्या आठवणी हाताळायची थेरपी) यांचा उपयोग होतो. झोपेसाठी घेतोस ती दारू मात्र झोपच बिघडवते, ती कमी कर.

एक गोष्ट सरळ विचारतो, कारण विचारल्यानं धोका वाढत नाही. जीव संपवावा असं मनात येतं का? येत असेल तर पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस. आत्ता फोन कर, कितीही वाजले असोत.

नसेल येत, तरी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे. मी सोबत येतो, हवं तर बाहेर बसून राहीन. पुढच्या आठवड्यात मंगळवार, बुधवार मला सुट्टी आहे. तुझ्या ड्यूटीचं बघ आणि कुठला दिवस ते कळव.

तुझाच,
गाडीतला जोडीदार