लकव्याच्या रुग्णाचा हात मोजून नोंदवावा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या हंगामात तुरीच्या सवंगणीच्या दिवसांत माझ्या वडिलांना लकवा मारला आणि त्यांचा उजवा हात कामातून गेला. डॉक्टरांनी जीव वाचवला, ते ऋण आम्ही विसरणार नाही; परंतु पुढच्या आठ महिन्यांत जिथे जिथे दाखवले, तिथे केसपेपरवर हाताविषयी ‘कडकपणा आहे’ एवढेच लिहिलेले असे. कोपर कुठपर्यंत सरळ होते, मागच्या खेपेपेक्षा फरक पडला की नाही, हे कुठल्याच कागदावरून कळत नव्हते.

हा कडकपणा मोजता येतो. १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी सुधारलेल्या ॲशवर्थ श्रेणीत ० ते ४ अशा, मधली १+ धरून, सहा पायऱ्या आहेत आणि त्यासाठी तपासणाऱ्याच्या हातांखेरीज काहीही लागत नाही. मात्र तपासणाऱ्याच्या हाताला जाणवणारा विरोध नसांमुळे आहे की स्नायू आखडल्यामुळे, हे तिच्यातून उलगडत नाही. त्यासाठी टार्ड्यू पद्धत अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे आणि ते प्रत्यक्ष पाहून झालेले आहे. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी बाबांना खाटेवर निजवले, कोपराशी कोनमापक धरला आणि हात आधी अगदी सावकाश सरळ केला, तर तो जवळपास पूर्ण सरळ झाला. मग तोच हात झटक्यात ओढला, तेव्हा काटकोनाच्या थोडे पुढे जाताच, दाव्याला हिसका बसून बैल थांबावा तसा तो अडकला. ताईंनी दोन्ही कोन तारखेसह वहीत लिहिले. या दोन कोनांत अंतर मोठे असेल तर दोष मुख्यतः नसांकडून येणाऱ्या ताणाचा असतो आणि त्यावर औषध किंवा इंजेक्शनचा विचार करता येतो. सावकाश ओढूनही हात तिथेच अडत असेल तर स्नायू आखडलेला असतो आणि तिथे ताण देण्याचे व्यायाम व हात सरळ धरून ठेवणारी पट्टी (स्प्लिंट) यांवर भर द्यावा लागतो.

कडकपणा कमी झाला म्हणजे हात चालू लागला, असेही नव्हे. बाबा स्वतःहून घास तोंडापर्यंत नेतात का, सदऱ्याच्या बाहीत हात घालतात का, हे वेगळे पाहावे लागते. लकव्यानंतर हालचाल किती परत आली हे तपासणाऱ्या फुगल-मायर चाचणीत हातासाठी ६६ गुण असतात; ती गर्दीच्या ओपीडीत दर वेळी होणार नाही, हे मी समजू शकतो, पण या दोन-तीन हालचाली तरी लिहाव्यात.

गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथील ग्रामीण भागात दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक पक्षाघाताने झाल्याचे आढळले. जे वाचतात, ते मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला खेपा घालतात. आरोग्य विभागाने ग्रामीण रुग्णालयांत साधा प्लॅस्टिकचा कोनमापक द्यावा आणि प्रत्येक रुग्णाला एक कार्ड द्यावे, ज्यावर दर भेटीत, शक्यतो त्याच व्यक्तीने, रुग्णाला त्याच स्थितीत निजवून घेतलेले दोन्ही कोन लिहिले जातील. रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात गेला, तरी ते कार्ड त्याच्यासोबत जाईल.

आपला विश्वासू,
एक शेतकरीपुत्र, जि. यवतमाळ