सावल्यांना मुले घाबरत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात एका बालशिबिरासाठी मी लोट्टे रायनिगर या जर्मन बाईंचे ‘सिंड्रेला’ आणि ‘राजपुत्र अहमद’ हे सावलीच्या बाहुल्यांचे दोन जुने परीकथापट सुचवले होते. ‘काळ्या सावल्या, आवाज नाही, वर चेटकीण. मुलं घाबरतील,’ असे म्हणून आयोजकांनी ते नाकारले. हे कारण मला अजून पटलेले नाही. आपल्या गोव्यातली मुले दिवाळीच्या आदल्या रात्री सुळे काढलेल्या नरकासुराभोवती जागतात आणि पहाटे त्याला जळताना बघून मगच अभ्यंगाला बसतात. त्यांना सावलीची कसली भीती?

मी बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. आकाशकंदिलाच्या करंज्या आणि झिरमिळ्या कापण्यात माझी बोटे झिजली, म्हणून असेल, पण या चित्रपटांकडे मी आधी कात्रीच्या बाजूने बघते. १९२२ सालच्या त्यांच्या सिंड्रेलाची सुरुवातच कात्री धरलेल्या हातांनी होते. काळ्या कागदातून मुलगी कापून निघते आणि तीच पुढे चालू लागते. पुढे सावत्र बहीण बुटात पाय मावावा म्हणून सुरीने पायाचा तुकडा काढते. मूळ कथेत आहे ते बाईंनी लपवले नाही.

‘राजपुत्र अहमद’ १९२६ सालचा. आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत सर्वांत जुना. पॉट्सडॅमला एका गॅरेजच्या माळ्यावर तीन वर्षे त्याचे काम चालले. खालून उजेड सोडलेल्या काचेवर पुठ्ठ्याची आणि शिशाच्या पातळ पत्र्याची बाहुली ठेवायची, सांधे तारेने जोडलेले. हात केसभर हलवायचा, वरच्या कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायचा. आणि तो नुसता काळा-पांढराही नाही. प्रसंगागणिक फिल्मच्या पट्टीला निळा, पिवळा, लाल रंग चढवला आहे.

माझ्या भाचीच्या सात वर्षांच्या मुलीला मी तो मोबाइलवर दाखवला. ‘आजी, तिचे दोळे खंय?’ हा तिचा पहिला प्रश्न. परीबानूला, म्हणजे त्यातल्या परीला, डोळे नाहीतच, फक्त बाहेरची कड आहे. पण तळ्यातून निघाल्यावर पिसांचे वस्त्र जागेवर नाही हे कळताच ती ज्या तऱ्हेने अंग चोरते, ते बघून पोर गप्प झाली. डोळे तिने आपल्या मनाने घातले असावेत. उडत्या घोड्यावरून राजपुत्राला खाली उतरता येईना, तेव्हा मात्र तिने माझा दंड घट्ट धरला. संपल्यावर म्हणाली, परत लाव.

हल्लीच्या चित्रपटात राजकन्येचा केसन् केस मोजता येतो. मुलाने घालायचे काही उरत नाही.

आणि हे आपल्याला परके नाही. सावंतवाडी ओलांडून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले की ठाकर मंडळी आजही चामड्याच्या बाहुल्यांनी रामायण सांगतात. लहानपणी वडिलांसोबत मी तिथे पडद्यामागे गेले होते. बाहुली दिव्याजवळ नेली की पडद्यावर रावण केवढा वाढायचा! ‘अहमद’मधला रायनिगरबाईंचा चेटक्या पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तोच रावण आठवला.

माझी विनंती इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, आयोजकांना आणि गावोगावच्या वाचनालयांना आहे. नोव्हेंबरमध्ये पणजीत जगभरचे चित्रपट येतात, तेव्हा एक संध्याकाळ ‘अहमद’साठी द्यावी आणि तो पुढे डिचोली, वाळपई, काणकोणच्या सभामंडपांतही फिरवावा. मूकपट आहे, तेव्हा भाषेची अडचण नाही. शेजारी बसून कोणी मराठीतून गोष्ट सांगितली की झाले. आमच्या गावच्या भजनी मंडळातले पेटीवाले साथीला यायला तयार आहेत. निवेदन मी करीन, आणि खेळानंतर मुलांना बाहुल्या कापायला काळा पुठ्ठा नि कात्र्याही मीच आणीन.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, डिचोली