काळे टेललाइट आणि आपली रविवार पुरवणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत टेललाइट घरच्या घरी काळे करण्याचा लेख पान भरून आला आहे. वर चकचकीत फोटो, मधे साहित्याची यादी, खाली कृती. पाककृतीच्या सदरात जसं 'मंद आचेवर ठेवा' असतं, तसं इथे 'स्प्रेचे पातळ हात द्या, मधे वाळू द्या' आहे. लेखकाची भाषा सोपी आहे, फोटो सुरेख आहेत, छपाईही स्वच्छ. एवढं कौतुक पुरे असावं.

दिवा काळा केला की गाडी 'ॲग्रेसिव्ह' दिसते, असं लेखक म्हणतात. कोणाला दिसते? गाडी चालवताना स्वतःचे टेललाइट कोणालाच दिसत नाहीत. ते मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लावलेले असतात आणि त्या माणसाला आपल्या गाडीच्या स्वभावाशी काही देणंघेणं नसतं. ही गाडी चाललीय की थांबतेय, एवढं त्याला वेळेत कळलं म्हणजे झालं.

अनुभवाने बोलतोय. अशाच थाटाचा एक लेख आपल्या पुरवणीत मागेही येऊन गेला होता. त्याचं कात्रण माझ्या भाच्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मित्रांबरोबर फिरायला जायचं म्हणून त्याने माझी गाडी नेली. परत आणली ती रात्री, मी झोपायच्या तयारीत असताना, आणि लावली ती मागची बाजू भिंतीला टेकेल अशी. किल्ली देताना म्हणाला, "मामा, उद्या उजेडात बघा, ओळखणार नाही तुम्ही गाडी!" मला वाटलं, पोराने धुऊनपुसून आणली असेल. बरंही वाटलं.

सकाळी घाईत निघालो. पाऊस भुरभुरत होता, आभाळ गच्च भरलेलं. पुढे एक सायकलवाला आडवा आला म्हणून ब्रेक दाबला, करकचून नव्हे, माणूस जसा दाबतो तसा, आणि मागून धाडकन आवाज झाला. बंपर आत, डिकी वाकडी. मागच्या गाडीतले गृहस्थ तावातावाने खाली उतरले. "ब्रेक मारला तर लाइट लागायला नकोत? वायरी तोडून फिरता का?" मीही आवाज चढवला. म्हटलं, माझे दिवे उत्तम आहेत, बसा माझ्या जागेवर, दाबा ब्रेक, मीच बघतो मागे जाऊन.

डावा दिवा धडकेत फुटला होता. उजवा शाबूत होता आणि लागलाही होता. पण तो लागलाय हे कळायला मला वाकून तोंड जवळ न्यावं लागलं. काळ्या काचेआड खोल कुठेतरी तांबूस डाग होता. उठून चार पावलं मागे आलो तर तोही दिसेना. मागच्या काचेतल्या तिसऱ्या ब्रेकलाइटलाही भाच्याने सोडलं नव्हतं. त्याच्यावर काळ्या फिल्मची पट्टी होती, कडा अगदी नीट कापून बसवलेली. कामात सफाई होती, हे मान्य करायलाच हवं. त्या गृहस्थांपुढे मी काय बोललो असेन, ते आपणच ताडा.

मग विमा कंपनीचा माणूस आला. गाडीमागे उकिडवा बसला, शाबूत दिव्याची कड नखाने खरवडली, नखात आलेला काळा रंग अंगठ्याने चोळून बघितला आणि एक अक्षर न बोलता कागदावर लिहिलं, 'मूळ रचनेत बदल'. त्यावर माझा दावा जो लटकला तो लटकलाच. मागच्या गृहस्थांचा खर्च माझ्याच गळ्यात पडला, तो वेगळा. भाच्याला जाब विचारला तर म्हणतो, "पेपरात तर सेफ आहे असं लिहिलंय." पुरावा म्हणून कात्रण घेऊन आला. खरंच छापलं होतं, 'प्रकाश किंचित कमी होतो'. कालच्या लेखातही हेच वाक्य जसंच्या तसं आहे.

किंचित म्हणजे किती, हे लेखकमहाशयांनी कधी मोजलंय का? संयुक्त राष्ट्रांचे वाहनदिव्यांचे जे नियम अनेक देश पाळतात, त्यांत मागच्या साध्या दिव्याचा प्रकाश सरळ मागून किमान ४ कँडेला (कँडेला हे उजेडाच्या तीव्रतेचं माप) आणि ब्रेकलाइटचा किमान ६० कँडेला लागतो. मागच्या माणसाचं सगळं गणित या फरकावर चालतं. जुन्या धाटणीच्या बल्बमध्ये त्यासाठी ५ वॉटची एक आणि २१ वॉटची एक अशा दोन तारा असतात. बल्बच्या बुडाचे दोन खिळे मुद्दाम वरखाली ठेवलेले असतात, म्हणजे तो उलटा बसायलाच नको. कोणीतरी डोकं लढवून हे सगळं ठरवलेलं आहे. त्यावर स्प्रेचे चार हात बसले की ब्रेकलाइट साध्या टेललाइटच्या पंगतीला येऊन बसतो आणि साधा टेललाइट पंगतीतून उठूनच जातो.

आणि रिफ्लेक्टर? त्याचं तर लेखात नावही नाही. टेललाइटच्या लाल काचेचा एक भाग जवळून बघा. आत बारीक बारीक कोपरे दाटीने बसवलेले दिसतील. प्रत्येक कोपऱ्याला तीन बाजू, एकमेकींशी काटकोनात. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड तिन्हींवर आपटतो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. त्याला बल्ब लागत नाही, बॅटरी लागत नाही. दिवे बंद करून रस्त्याकडेला उभी केलेली गाडी रात्री लांबून दिसते ती याच्यामुळे. आता काळा थर अर्धा उजेड अडवतो असं धरा. इथे उजेड आत जाताना अर्धा होणार आणि बाहेर येताना त्याचाही अर्धा. उरला पाव. शाळकरी पोराला जमेल असा हिशोब आहे, पण तो घालायला रिफ्लेक्टर असतो हे आधी माहीत हवं.

यावर लेखकांकडे उपाय आहे. चौकटीत दिलाय. काळ्या काचेमागे जास्त उजेडाचा पांढरा एलईडी टाका, भरपाई होते! पांढरा एलईडी मुळात निळ्या उजेडाचा असतो, वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. त्यात लाल रंग बेताचाच. लाल काच लाल तेवढाच उजेड बाहेर सोडते, बाकीचा गिळून टाकते. म्हणजे ज्या झगमगाटाचे पैसे मोजले, त्यातला बराचसा काचेतच राहणार. लाल काचेमागे एलईडी लावायचाच तर लाल लावावा, एवढं तरी त्या चौकटीत असायला हवं होतं. शिवाय दिव्याच्या आतला आरसा फिलामेंटच्या, म्हणजे बल्बमधल्या तारेच्या, नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा भलतीकडे तोंड करून बसल्या की मधोमध एक झगझगीत टिपका आणि भोवती अंधार, असं ध्यान तयार होतं.

मी एलईडीच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, एलईडी तत्काळ लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे सरकते. कारखान्यातच एलईडीसाठी बनवलेला दिवा असेल तर हा फायदा सोळा आणे खरा आहे. तो घ्यायचा आणि वरून काळा रंग मारायचा, हे मात्र डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून गाडी चालवण्यातलं झालं.

खरा कहर इंडिकेटरच्या परिच्छेदात आहे. एलईडी बसवल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला तर 'रेझिस्टर जोडून तो त्रास बंद करा' म्हणे. अहो, बल्ब गेलाय हे चालकाला कळावं म्हणूनच तो भराभर लुकलुकतो. एलईडी करंट कमी ओढतो, त्यामुळे गाडीला वाटतं बल्ब गेला. शेजारी रेझिस्टर, म्हणजे जास्तीचा करंट ओढणारा तुकडा, जोडून गाडीची समजूत काढली की उद्या तो एलईडी खरोखर बंद पडला तरी डॅशबोर्डवरचा बाण आपला शांतपणे टिकटिक करत राहणार. बरं, सर्रास मिळतो तो रेझिस्टर ६ ओहमचा. १२ व्होल्टला त्यातून २ अँपिअर जातात, म्हणजे इंडिकेटर पेटलेला असताना २४ वॉट नुसती उष्णता. हात लावला तर चटका बसतो. तो पत्र्यावर स्क्रूने पक्का करायचा असतो. लेखात तो दुहेरी चिकटपट्टीने दिव्याच्या पाठीला लावायला सांगितलाय. दिव्याची पाठ प्लास्टिकची असते, हे लेखकांना ठाऊक असणारच.

अमेरिकेने १९८६ च्या मॉडेलपासून कारना मागे मधोमध उंचावर तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा केला, कारण दोन पुरेनात. आपली पुरवणी तिन्ही झाकायला शिकवते. प्रगती आहे.

लावलेला रंग काढायचा कसा, याबद्दल मात्र पूर्ण पानात एक ओळ नाही. ती मी देतो. थिनरचा बोळा फिरवू नका. या काचा बहुधा ॲक्रिलिकच्या असतात, थिनरने त्यांवर बारीक तडे जातात. पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत बसायचं, मग आणखी बारीक पेपर, मग पॉलिश. शाबूत राहिलेला दिवा मी भाच्याकडूनच असा घासून घेतला. त्याच्या आईचा लगेच फोन. "दादा, पोराने हौसेने केलं ना रे, किती राबवशील त्याला?" हौसेचा खर्च कोणी भरला, ते बहिणीने विचारलं नाही.

बाकी, लेखाच्या शेजारच्या रकान्यात त्याच काळ्या स्प्रेची जाहिरात आहे. योगायोग असेल. जाहिरातीवर वृत्तपत्र चालतं हे न कळण्याइतका मी भाबडा नाही, पण लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे बघायला मला चष्मा पुसावा लागला.

खुलासा छापणार असाल तर तो पुरवणीतच छापा, फोटोसकट आणि तेवढ्याच मोठ्या मथळ्याने. मुख्य अंकाच्या आतल्या पानावर दोन ओळींच्या चौकटीत टाकलेला खुलासा माझा भाचा वाचत नाही, आणि त्याच्या मित्रांचंही काही वेगळं असेल असं वाटत नाही.

कळावे.
आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. डोळ्यांवर येणाऱ्या पांढऱ्या हेडलाइटबद्दलचं माझं पत्र आपण मागे छापलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. फक्त 'असे दिवे कोणीही लावू नयेत' या माझ्या वाक्याचं आपल्याकडे 'असे दिवे कोणीही लावावेत' झालं आणि ते माझ्या नावानिशी छापून आलं. शेजारी अजून तोंडावर हसतात. या खेपेस प्रूफ वाचणाऱ्यांनी निदान 'नये' आणि 'नका' तेवढे सांभाळावेत, ही विनंती.