घरपट्टीच्या नोटिशीबद्दल

प्रिय बंड्या,

नोटिशीचा फोटो मिळाला. बडोद्यात बसून आपल्या महापालिकेला शिव्या घालतोयस, खुशाल घाल. पण आधी ताईला विचार की नोटीस तिच्या हातात कुठल्या तारखेला पडली. हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते. ती टळली तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

तू लिहिलंस, ‘घरपट्टी इतकी वाढवायचा यांना काय अधिकार?’ हे वाक्य अर्जात अजिबात नको. कराचे टक्के सभेत ठरतात आणि ते सगळ्या गल्लीला सारखेच असतात. आपली हरकत करयोग्य मूल्यावर, म्हणजे ज्या रकमेवर ते टक्के लागतात तिच्यावर. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी त्यातून 10 टक्के वजा करायचे. तुझ्या नोटिशीत 910 चौरस फूट धरलेत, महिन्याला फुटामागे 3 रुपये दरानं. वर्षाचे झाले 32,760, दहा टक्के गेले, राहिले 29,484. हिशेबात चूक नाही. गोची आहे ती 910 मध्ये. काकांच्या वेळच्या मंजूर नकाशात 730 फूटच आहेत, असं तूच मागे म्हणाला होतास. मोजणीवाल्या पोरांनी बाहेरून फीत धरली असणार, आणि त्यात मागची पत्र्याची शेडही आली. 730 नं गणित केलं तर मूल्य 23,652 वर येतं. अर्जात हे गणित असंच्या असं मांड, विशेषणं लावू नकोस.

दुसरी गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलेली दिसते. वापराच्या रकान्यात ‘भाडेकरू’ लिहिलंय! घरात राहते ताई, तिचं आडनाव सासरचं, आणि घर तुझ्या नावावर. पाहणीला आलेल्यानं नावं पाहिली आणि मोकळा झाला. सख्खी बहीण आहे, भाडं घेत नाही, असं प्रतिज्ञापत्र कर. सोबत तिच्या शाळेच्या दाखल्याची प्रत जोड, त्यावर माहेरचं नाव असेल. भाडेकरू म्हणून आकारणी चढी होते, त्यामुळे हा मुद्दा क्षेत्रफळाइतकाच वजनदार आहे.

आमच्याकडे याहून गंमत झाली होती. वडील जाऊन वर्षं लोटली, तरी त्यांची वकिलीची पाटी आईनं दारावरून काढू दिली नाही. तेवढ्या पाटीवर पुढची खोली ‘कार्यालय’ झाली! बिलात रोजगार हमी कर दिसला तेव्हा कळलं, कारण राहत्या घराला तो लागत नाही. मृत्यूचा दाखला दिला, वीजबिलं दिली. बिलावर ‘घरगुती’ छापलेलं असतं, त्यापुढे वाद घालायला जागा उरत नाही. खोली पुन्हा निवासी झाली. पाटी अजून तिथेच आहे, आईपुढे कोण बोलणार.

तुझ्या मेहुण्याचं पुण्याचं उदाहरण इथे उपयोगाचं नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे, ती 1970 पासूनची. मध्यंतरी काढली आणि 2023 मध्ये परत दिली. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून करमाफी आहे. पण ते त्या त्या शहरापुरतं. सुनावणीत हे काढलंस तर साहेब मान डोलावतील आणि पुढचं नाव पुकारतील.

आता एक नाजूक प्रश्न, खरं उत्तर दे. गच्चीवरची खोली परवानगी घेऊन बांधलीय का? फेरमोजणी मागितली की माणूस जिना चढून वरही जाणार. अनधिकृत बांधकामाला शास्तीची तरतूद आहे, आणि ती लागली तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातील. परवाना नसेल तर मी म्हणेन, फेरमोजणीचं नाव काढू नकोस, फक्त भाडेकरूचा मुद्दा लढव. भित्रा म्हणशील, म्हण.

सुनावणीला यायची गरज नाही. माझ्या नावानं अधिकारपत्र पाठव, मी जातो. अर्ज दोन प्रतींत करू, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतोच. गेटवरच्या एजंटाला मात्र फोन करू नकोस, तो ‘आतून करून देतो’ म्हणतो आणि हातात एकही कागद देत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं. मुदत अवघी 15 दिवसांची. आधी रीतसर हरकत घेतलेली हवी, आणि बिल निघालं असेल तर ती रक्कम भरावी लागते, मगच अपील ऐकतात. म्हणून बिल आलं तर ‘हरकतीस अधीन राहून’ असं पत्र देऊन भरून टाक. थकवलंस तर महिन्याला 2 टक्के चढतात, तुझ्या तत्त्वासाठी एवढं व्याज कशाला?

नकाशा बहुतेक काकांच्या लोखंडी कपाटात असेल. ताईला शोधायला सांग, नाही सापडला तर मी नगररचना विभागात नकलेचा अर्ज टाकतो. गच्चीचं तेवढं आजच कळव, त्यावर मसुदा अडलाय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना