ब्रेक दाबला की मरणारी झेन

अंबाजोगाई,
२ एप्रिल

प्रिय बाळ्या,

मागं फोनवर माझ्या जुन्या मारुती झेनबद्दल तू म्हणालास, "भंगारात काढ आता तिला." मी हूं म्हणून फोन ठेवला. त्या वेळी गाडी रेणापूर फाट्याच्या पुढं रस्त्यात मेली होती. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं एसटी, आणि एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून माझा उद्धार करत होता. अशा वेळी माणसानं काय बोलावं? आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. फोनवर तू अर्ध्यात तोडतोस.

संक्रांतीनंतर सुरू झालं. सकाळी थंड इंजिन छान चालू व्हायचं. गरम झालं की स्लो, म्हणजे पाय न लावता इंजिन मंद चालतं तो वेग, बसायचा नाही. उभ्या जागी थरथर, आरसा असा हलायचा की मागची गाडी एकाच्या दोन दिसायची. चौकात उभं राहिलं की दोन उचक्या आणि गप्प. पुन्हा चावी फिरवली की लगेच चालू. रस्त्याला लागली की मात्र तक्रार नाही. ऐंशीच्या वेगात, तुझ्या अण्णांकडं होती तेव्हा पळायची तशीच पळत होती.

लातूरच्या एका गॅरेजात नेली. नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो. त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच यादी केली. चार प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची सर्व्हिस. हजारांत बिल झालं. शेवटी त्यानं स्लोचा स्क्रू चांगला दोन फेरे आवळून दिला आणि गाडी बंद पडायची थांबली. मी खूश! चार दिवसांनी लक्षात आलं, की पाय न लावता पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटलेल्या वासरासारखी ओढतेय आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतोय. रोग तिथंच होता, फक्त त्याच्या अंगावर चादर टाकली होती. आठवड्यानं चादरीसकट मरायला लागली.

मग मी आपल्या बसस्टँडमागच्या चाचांकडं गेलो. आठवतात का? आपण अकरावीत असताना तुझी लूना दुरुस्त करायचे ते. आता डोळ्यांना कमी दिसतं, स्वतः पाना धरत नाहीत, बाजेवर बसून पोरांना सांगतात. मी यादी वाचून दाखवली, काय काय बदललं ते. ते हसले. म्हणाले, "सर, पैले सुनो, बाद में खोलो. आपने तो बगैर सुने ही खोल दी." आणि मला चार कामं सांगून घरी पाठवलं. गाडी ठेवूनच घेतली नाही. मास्तरला गृहपाठ!

पहिलं काम रात्रीचं. अंगणातला दिवा घालवायचा, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं आणि वायरींकडं बघायचं. वायर फुटली असेल तर अंधारात निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते. अर्धा तास बघितलं. डास सोडून काही दिसलं नाही.

दुसरं, इंजिन स्लोवर असताना हाताला कोरडे रबरी मोजे घालून एकेका प्लगची टोपी काढायची आणि आवाज ऐकायचा. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. आपल्या झेनला चार सिलिंडर, ९९३ सीसीचं इंजिन. चारही टोप्यांना आवाज सारखाच खाली आला. म्हणजे एक कोणी आळशी नाही, चौघंही सारखेच उपाशी.

उपाशी हा शब्द चाचांचा. तिसऱ्या कामात तो खरा ठरला. पंधरा मिनिटं स्लोवर चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढले. टोक बिस्किटी रंगाचं असावं लागतं. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त. आमचे चारही प्लग राखेसारखे पांढरे. बाळ्या, १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पांढरा प्लग म्हणजे हवा त्याहून जास्त जातेय, किंवा पेट्रोल कमी पडतंय. दोन्हीचा परिणाम एकच, म्हणून हे ओळखणं अवघड.

त्यावरच चौथं काम होतं. एअर फिल्टरचं झाकण काढून, जाड पुठ्ठ्यानं कार्ब्युरेटरचं तोंड थोडं थोडं झाकायचं. खरं तर इंजिनचा श्वास कोंडतोय म्हटल्यावर ते मरायला पाहिजे. हे उलट शांत झालं. थरथर गेली, आवाज गोल झाला. तोंडानं मिळणारी हवा कमी केल्यावर बरं वाटतंय, याचा अर्थ दुसरीकडून चोरटी हवा येत असणार, नाहीतर स्लोचा जेट, म्हणजे पेट्रोल येणारं बारीक भोक, तरी तुंबलेला असणार. जेट तर लातूरवाल्यानं नुकताच फुंकून दिला होता.

तुझी शंका पेट्रोलवर होती. त्यातलं उसापासून बनणारं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलंय, जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही, हे खरंच. टाकीतला जुना गाळही सुटतो त्यानं. म्हणून फिल्टर बदलला मी, चहाच्या चोथ्यासारखा माल निघाला. पण फिल्टर तुंबला असता तर गाडीनं परळीकडून येताना घाटात मान टाकली असती, कारण तिथं पेट्रोल जास्त लागतं. घाट ती गाणं म्हणत चढत होती. (आणि गंमत बघ, आपल्याकडं प्यायला टँकर लागतो आणि ऊस मात्र गाडीच्या टाकीपर्यंत जाऊन पोचला. असो, हा विषय काढला की आपलं भांडण होतं.)

तर चोरटी हवा शोधायची. कार्ब्युरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा मॅनिफोल्ड असतो, त्यातून निघणाऱ्या एकेका पाइपवरून बोट फिरवत गेलो. एक बारीक पाइप टोकाला वाळल्या शेंगेसारखी कडक झाली होती, वाकवली की चीर दिसायची. अर्धा इंच कापून पुन्हा बसवली. थरथर निम्म्यानं कमी! मी लगेच पेढे आणायला निघालो आणि योगेश्वरीच्या देवळाकडं वळतानाच गाडी पुन्हा बंद.

इथं मी हरलो होतो, खरं सांगतो. घरी वीस वीस मिनिटं उभी करून बघायचो, मरत नव्हती. रस्त्यावर दोन मिनिटांत मरायची. ऊन म्हणावं तर अंगणातही ऊनच. शेवटी मागच्या सीटवर बसलेली आमची चिमी म्हणाली, "बाबा, तुम्ही ब्रेक दाबला की ती मरते."

दीड महिना मी चौक मोजत होतो, तापमान बघत होतो, आणि पाय कुठं आहे हेच बघितलं नाही. घरी तपासताना गाडी हँडब्रेकवर असायची!

तिथंच कडेला घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय बाजूला. चालू. ब्रेक दाबून धरला, तर पायाशी डॅशबोर्डच्या खाली फुस्स असा बारीक आवाज आणि इंजिनला उचकी. पाय काढला की पुन्हा ठीक. आवाज आधीही असणार, पण खिडक्या उघड्या आणि रेडिओ चालू.

तुला माहीत असेल, पण लिहितोच. ब्रेकचा बूस्टर म्हणजे तो काळा पातेल्याएवढा डबा. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि इंजिन एका जाड पाइपनं त्यातली हवा ओढून घेतं. ब्रेक दाबला की पडद्याच्या एका अंगाला बाहेरची हवा आत येते, दुसऱ्या अंगाला पोकळीच असते, आणि तो दाब तुझ्या पायाला मदत करतो. पडदा फाटला तर ती हवा आरपार जाऊन थेट मॅनिफोल्डमध्ये. स्लोवर इंजिन मुळात चमचाभर हवेवर जगत असतं. त्यात ही वाटीभर आली की संपलं. वेगात तेवढीच हवा कुठल्या कुठं जिरते, म्हणून हायवेला त्रास नाही.

खात्री करून घ्यायची म्हणून घरी चिमीला ब्रेकवर पाय ठेवायला बसवलं आणि मी त्या जाड पाइपला फडकं गुंडाळून पक्कडीनं चिमटलं. इंजिन जागेवर. पक्कड सोडली, उचकी. धरली, शांत. चार वेळा केलं. चिमीला वाटलं खेळच आहे. (असं चिमटून गाडी रस्त्यावर नेऊ नकोस कधी, ब्रेक दगडासारखा होतो.) आणखी एक सोपी परीक्षा असते. बंद गाडीत ब्रेक चार-पाचदा दाबून कडक करायचा, दाबून धरूनच चावी फिरवायची. बूस्टर धड असेल तर पेडल पायाखाली जरा खाली जातं. आपलं हललं नाही. ही परीक्षा एका मिनिटाची, फुकट, आणि ती करायला मला दीड महिना लागला.

चाचांना सांगितलं तर म्हणाले, "मुझे कायकू नहीं बोले, ब्रेक पे मरूलाली करके?" मलाच माहीत नव्हतं, काय बोलू. नवीन बूस्टर लातूरहून मागवला. त्यांच्या पोरानं बसवला, ब्रेक तपासले आणि मग स्लोचा स्क्रू मागं फिरवून जागेवर आणला. जुने प्लग जपून ठेवलेत, तेही चांगलेच होते.

एक गोष्ट मुद्दाम अण्णांना वाचून दाखव. बूस्टरच्या पाइपला एका टोकाला क्लिप नव्हतीच. तांब्याची तार दोन वेढे देऊन पिळलेली होती, वर टोक आत दुमडलेलं, वीज बोर्डातल्या माणसाच्या हातचं. गाडी २००९ साली मी तुमच्याकडून घेतली, तेव्हापासून कुणाचा हात त्या जोडाला लागला नसावा. पाइप तपासताना मी पहिला संशय त्यावरच घेतला आणि मनातल्या मनात अण्णांना बोललोही. साबणाचं पाणी लावलं, पक्कडीनं दाबून पाहिलं. तिथून तसूभर हवा जात नव्हती. पोरगा नवी क्लिप लावायला निघाला होता, मी नको म्हटलं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्ही सगळे येताय ना? परळी स्टेशनवर घ्यायला मी येतो. अण्णांना पुढं बसव.

तुझा,
दत्ता